रिकाम्या घराची नोंद

"जिवंत माणसाला आडवं करून उंबऱ्याबाहेर काढायचं नाही," शैलजाबाई म्हणाल्या. सकाळपासून हे त्या तिसऱ्यांदा म्हणत होत्या.

सारंग मोबाइल हातात धरून पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. दुपारी दोनच्या आत कराड सोडलं तरच तो दिवेलागणीला पुण्यात पोचणार होता, आणि घड्याळात सव्वा वाजला होता.

"अगं आई, दहा मिनिटांचा प्रश्न आहे. चौघांनी पलंग उचलायचा, अंगणात ठेवायचा, दहा मिनिटांनी परत आत. शेजारचे दोघं यायला तयार आहेत."

"दवाखान्यातून आणलं तेव्हासुद्धा मी त्यांना खुर्चीत बसवून घरात घेतलं. बसवून. उंबऱ्यावरून आडवं जायचं ते एकदाच, आणि ते कधी ते तुझं यंत्र ठरवणार नाही."

"पण बाबांना आता खुर्चीत बसवता येत नाही ना."

"मग राहू देत की आत! तुझं यंत्र काय गिळणार आहे का त्यांना?"

पलंगावर मधुकरराव तारळेकर डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होते. अर्धांगाचा दुसरा झटका येऊन चौदा महिने झाले होते. वाचा गेली होती, हातपाय गेले होते. श्वास तेवढा शाबूत होता. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून अंगाखाली हवेची गादी होती आणि तिचा पंप पलंगाखाली दिवसभर गुरगुरत असे. याच माणसाने टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून पस्तीस वर्षं खांबावर चढउतार केली होती. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, आणि सारंगने ते लहानपणी इतक्यांदा ऐकलं होतं की त्याला त्याचा कंटाळा यायचा. "काटा हलला म्हणून लाइन जिवंत धरायची नाही. पलीकडून माणूस हॅलो म्हणाला, तरच लाइन जिवंत." तारेला मीटर लावून काटा हलला की बाकीचे लाइनमन खाली उतरायचे. मधुकरराव मात्र वरूनच दुसऱ्या टोकाच्या माणसाला साद घालायचे आणि त्याचा आवाज ऐकल्यावरच खांब सोडायचे.

सारंगनेही बापाचाच धंदा धरला होता, फक्त त्यातले खांब गेले होते. पुण्याच्या एका बँकेच्या तीनशे दहा शाखांमधले राउटर तो खुर्चीत बसून सांभाळत असे. कराडच्या घरातला राउटरही त्याच्याच हातात होता. पासवर्ड बदलणं, नवी प्रणाली चढवणं, आईच्या फोनवर येणाऱ्या फसव्या जाहिराती अडवणं, सगळं तो तिकडूनच करायचा. घराच्या चाव्या आईकडे, पण घराची सेटिंगं मुलाकडे, अशी ती वाटणी होती. आणि आता बाजारात नवे राउटर आले होते. त्या राउटरांना माणसं कळत होती.

त्यात जादू काही नव्हती. वायफायच्या लहरी भिंतींवर, कपाटांवर, भांड्यांवर, माणसांच्या अंगावर आपटतात आणि परत येतात. माणूस चालला की त्यांची वाट बदलते. माणूस नुसता श्वास घेत पडून राहिला तरी बदलते, कारण छाती जेमतेम अर्धा सेंटिमीटर वर येते आणि तेवढ्यानेही परतणाऱ्या लहरीला किंचित उशीर होतो. हे शास्त्रज्ञांना फार आधीपासून ठाऊक होतं. आता तो फरक ओळखणारी चिप स्वस्त झाली आणि घरोघरच्या राउटरात जाऊन बसली, एवढंच. कॅमेरा नको, अंगाला काही बांधायला नको. घरात किती माणसं आहेत, कोण पडलं, कोणाचा श्वास अडखळला, हे राउटर ओळखायचा आणि मोबाइलवर कळवायचा. म्हातारे आईबाप गावी आणि मुलं शहरात अशा लाखो घरांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

पण राउटरला माणूस म्हणून माणूस दिसत नाही. त्याला फक्त फरक दिसतो. फरक कळायला आधी मूळ ठाऊक हवं. म्हणून सुरुवातीला एकदा सगळ्यांनी बाहेर पडून दहा मिनिटं घर मोकळं सोडायचं आणि राउटरला सांगायचं, की हे बघ, हे रिकामं घर. सेटिंगमध्ये या प्रकाराला संदर्भनोंद म्हणत. त्या दहा मिनिटांत घरात जे काही तालात हलतं, पंखा म्हणा, फ्रिज म्हणा, ते सगळं राउटर यंत्रांच्या यादीत टाकतो आणि पुढे त्याच्याकडे माणूस म्हणून बघत नाही. रिकाम्या घरात हलेल ते यंत्रच असणार, असं साधं गृहीतक त्यामागे होतं.

हे सगळं सारंगला पाठ होतं. म्हणून तर तो आईशी वाद घालत होता. पण घड्याळ पुढे चाललं होतं, आणि आईचा चेहरा एकदा असा झाला की ब्रह्मदेव आला तरी उपयोग नाही, हे त्याला त्याहून जास्त पाठ होतं.

"बरं," तो म्हणाला. "तू तरी बाहेर ये."

मायलेक अंगणात शेवग्याखाली जाऊन उभे राहिले. सारंगने सेटिंग उघडलं. पडद्यावर अक्षरं आली, 'घर पूर्ण रिकामे असल्याची खात्री करा.' खाली 'होय' आणि 'नाही'. त्याने मान वळवून खिडकीकडे पाहिलं. इथून बाबांच्या पलंगाची फक्त एक कड दिसत होती. एका न हलणाऱ्या माणसाने असा काय फरक पडणार, पुढच्या खेपेला निवांत करू, असं म्हणून त्याने 'होय' दाबलं.

"किती दिवसांनी मी अशी नुसती उभी राहिलेय रे," शैलजाबाई शेवग्याच्या खोडाला हात टेकून म्हणाल्या. "शेंगा धरल्यात की नाही तेसुद्धा बघितलं नव्हतं."

दहा मिनिटांनी राउटरने यादी दिली. छताचा पंखा. फ्रिज. आणि एक अनोळखी उपकरण, मिनिटाला सोळा ठेके. 'या उपकरणाला नाव द्या.' सारंगने क्षणभर विचार केला आणि टाइप केलं, 'गादीचा पंप'. त्या पंपाची मोटर कशी फिरते ते त्याने कधी बघितलं नव्हतं. खाली वाकून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं.

उंब्रजच्या पुढे चहाला थांबल्यावर त्याने ॲप उघडलं. 'घरात १ व्यक्ती.' आकडा दोन हवा होता. त्याने लगेच फोन लावला.

"आई, तू कुठं आहेस?"

"गच्चीवर. वाळवण काढतेय. का रे?"

म्हणजे घरात मोजलेले ते एक बाबाच, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि चहा प्यायला. गच्चीवरच्या माणसापर्यंतही राउटर पोचतो, हे त्यानेच तीनशे दहा शाखांमध्ये कितीदा तरी तपासलं होतं. पण मनासारखं उत्तर मिळालं की माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही.

त्यानंतर सारंगचं दर पंधरवड्याला येणं महिन्यावर गेलं, मग दीड महिन्यावर. येण्याची गरजच काय होती? ॲपवर रोज हिरवी खूण उमटत होती. आईशी बोलताना त्याच्या तोंडी आता वेगळीच वाक्यं येऊ लागली.

"काल दुपारी तू स्वयंपाकघरात गेलीच नाहीस. जेवली नाहीस का?"

"उपास होता."

"आणि परवा पहाटेपासून चार वेळा उठलीस."

"सारंग, असं भोकातून बघितल्यासारखं बघण्यापेक्षा एकदा येऊन समोर बसून बघत जा ना. ह्यांचे डोळे हल्ली दाराकडे लागलेले असतात."

"येतो गं. हे एक ऑडिट संपू दे."

एक ऑडिट संपलं की दुसरं उभं राहत होतं. त्याची बायको तेजस्विनी एकदा म्हणालीसुद्धा, "तू बाबांबद्दल बोलतोस तेव्हा बाबांबद्दल बोलतोयस की ॲपबद्दल, तेच मला कळत नाही." तो तिच्यावर चिडला. खरं बोलणाऱ्यावर चिडणं सोपं असतं.

माघात शैलजाबाईंच्या थोरल्या भावाचं सहस्रचंद्रदर्शन साताऱ्याला ठरलं. एक्क्याऐंशीवं वर्ष सरलं होतं, नातवंडांनी घाट घातला होता. दीड वर्षात शैलजाबाई कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे गेल्या नव्हत्या. जाऊ की नको करत त्यांनी आठवडा घालवला. शेवटी सारंगनेच पुढाकार घेतला. शेजारच्या मुल्लासिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, हाताच्या अंतरावर राहणाऱ्या. किल्ली त्यांच्याकडे राहील. दुपारी एकला त्या येतील, मधुकररावांची कूस बदलतील, नळीतून पाणी देतील. मधे काही झालंच तर राउटर सारंगला कळवेल, सारंग सिस्टरांना फोन करेल, दोन मिनिटांत त्या हजर.

"दोन मिनिटं पण कशाला?" मुल्लासिस्टर म्हणाल्या होत्या. "चपला दारातच काढून ठेवते. तुम्ही खुशाल जा वहिनी. भावाला ओवाळून या."

गुरुवारी सकाळी साडेनऊला शैलजाबाईंनी मधुकररावांना डाव्या कुशीवर वळवलं, पाठीशी उशी लावली, आणि साताऱ्याच्या गाडीत बसण्याआधी पुण्याला फोन केला.

"निघू ना रे?"

"निघ. मी बघतोय."

"नक्की?"

"आई, माझं कामच आहे ते."

घरात अर्धा तास कोणी दिसलं नाही की राउटर सूचना पाठवत असे. दहा वाजून दहा मिनिटांनी सारंग बैठकीत बसला असताना मोबाइल थरथरला. 'घर रिकामे आहे. पहारा सुरू करायचा का?'

तो तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिला. घर रिकामं. आई गेली आणि घर रिकामं झालं. म्हणजे इतके दिवस दिसणारा तो एक आकडा आईचा होता. बाबा त्या राउटरला पहिल्या दिवसापासून कधी दिसलेच नव्हते. हे कोडं उलगडायला त्याला दहा सेकंदही लागले नाहीत. धंदाच होता त्याचा.

आता काय करायचं तेही उघड होतं. आईला परत बोलवायचं, ती अजून काशीळच्या आसपास असेल. नाहीतर सिस्टरांना फोन करून सांगायचं की यंत्र आंधळं आहे, तुम्ही आत्ताच जाऊन बाबांजवळ बसा. एक फोन, अर्ध्या मिनिटाचा. पण मग सिस्टर विचारणार, का? आई विचारणार, म्हणजे पाच महिने काय बघत होतास? आणि समोर वरिष्ठ साहेब त्याच्याच विभागाचे आकडे पडद्यावर दाखवत होते. बैठक संपली की करू, असं सारंगने ठरवलं. तोवर त्या सूचनेने पुन्हा पुन्हा थरथरू नये म्हणून त्याने सेटिंग उघडलं. तिथे एक रकाना होता, 'घरातील किमान व्यक्ती', म्हणजे राउटरला दिसोत न दिसोत, इतकी माणसं घरात धरायचीच. त्यात त्याने शून्य पुसून एक लिहिला.

पडद्यावर लगेच आलं, 'घरात १ व्यक्ती. सर्व ठीक.'

बापाला त्याने स्वतःच्या हाताने टाइप केलं होतं. त्याचं त्यालाही ते जाणवलं, पण हिरवी खूण बघून छातीवरचा भार थोडा हलका झाला, हेही खोटं नाही.

बैठक लांबली. अकरा वाजून बावन्न मिनिटांनी मोबाइल परत थरथरला. '"गादीचा पंप" बंद झाला आहे. यादीतून काढायचा का?'

कराडला गुरुवारी वीज जाते, हे सारंगला लहानपणापासून ठाऊक. त्याने तसंच धरलं. त्याच सूचनेखाली बारीक अक्षरांत यादी होती, छताचा पंखा चालू, फ्रिज चालू. वीज गेली असती तर फ्रिज चालू कसा राहिला असता, हा प्रश्न त्याने आपल्या हाताखालच्या कुठल्याही नवशिक्याला दरडावून विचारला असता. साहेबांनी त्याच क्षणी त्याचं नाव घेतलं. त्याने घाईघाईने 'होय' दाबलं आणि उठून उभा राहिला.

एक वाजून चार मिनिटांनी मुल्लासिस्टरांचा फोन आला.

"सारंग, बाळा, कुठं आहेस? बस जरा."

तो उभाच राहिला.

"घशात कफ अडकलेला दिसतोय. जाऊन तासभर तरी झालाय." सिस्टरांचा आवाज दवाखान्यातला होता, सपाट, पण मग तो मधेच मोडला. "मी घरातच होते रे. सकाळपासून हलले नाही. चपला दारातच होत्या. तुझा फोन नाही आला म्हणून मी म्हटलं, सगळं बरं आहे."

"नेट गेलं होतं, सिस्टर," सारंग म्हणाला. हे वाक्य त्याने जुळवलं नव्हतं, ते आपोआपच आलं. "यंत्राने कळवलंच नाही."

आईलाही त्याने तेच सांगितलं. साताऱ्याहून परतलेल्या शैलजाबाईंच्या पिशवीत भावाकडचे पेढे तसेच होते. त्यांनी एकच विचारलं, "पंप चालू होता का?" कोणीतरी म्हणालं, चालू आहे की अजून. तेव्हा त्यांनी वाकून स्वतःच्या हाताने पलंगाखालचा पंप बंद केला. खोली एकदम शांत झाली. म्हणजे अकरा बावन्नला बंद पडला तो हा पंप नव्हता.

मधुकरराव उंबऱ्यावरून आडवे गेले. एकदाच, शैलजाबाई म्हणाल्या होत्या तसे. सारंग मडकं धरून पुढे होता. घरातल्या झाडून सगळ्या बायका अंगणाच्या फाटकाशी आल्या होत्या. घाटावरून परतल्यावर त्याने मोबाइल पाहिला, तर त्या वेळची एक सूचना येऊन पडली होती. 'घर रिकामे आहे. नवी संदर्भनोंद घेण्यास योग्य वेळ.' किमान व्यक्ती एक असतानाही ही सूचना कशी आली, संदर्भनोंदीला तो रकाना लागू नसेल, असा विचार त्याच्या डोक्यात येऊन गेला. अशा वेळीसुद्धा आपल्या डोक्यात असे विचार येतात याची त्याला किळस आली.

बाराव्या दिवशी सगळं आटोपल्यावर गुरुजी पंचांग उघडून बसले. "वर्षश्राद्धाची तिथी लिहून देतो, वहिनी. हल्ली तारखेनेच करतात पुष्कळजण, पण तुम्ही तिथी म्हणालात." त्यांनी चष्मा सरळ केला. "त्या दिवशी दशमी अकरा पंचावन्नपर्यंत होती. नंतर एकादशी लागली. नेमकी वेळ काय म्हणायची?"

"डॉक्टरांनी अंदाजे बारा लिहिलंय," कोणीतरी म्हणालं.

"अंदाजे चालत नाही. बाराला पाच कमी की बारा, त्यावर दशमी की एकादशी ते ठरायचं."

शैलजाबाईंचा चेहरा बारा दिवसांत पहिल्यांदाच जरा उजळला. "एकादशी असेल हो. जन्मभर त्यांनी एकादशी मोडली नाही. खांबावर चढायचे तेही उपाशीपोटी."

गुरुजी हसले. "मग तसंच लिहू का?"

सारंग जाजमाच्या कडेला बसला होता. गप्प बसणं अतिशय सोपं होतं. आईला एकादशी मिळाली असती. गुरुजींनी लिहिलं असतं, पान उलटलं असतं, आणि मुल्लासिस्टरांसकट सगळ्यांनी मान डोलावली असती. पण बापाची आणखी एक खोटी नोंद त्याच्या डोळ्यांदेखत होत होती. दर वर्षी पान मांडायचं आणि ते चुकीच्या दिवशी मांडायचं, तेही जन्मभर. रिकाम्या घराची नोंद त्यानेच केली होती. किमान व्यक्तीचीही त्यानेच. ही तिसरी त्याच्याने झाली नाही.

"अकरा बावन्न," तो म्हणाला.

गुरुजींनी वर पाहिलं. "नक्की?"

"अकरा बावन्न आणि सोळा सेकंद. दशमी लिहा."

गुरुजी दशमी लिहून निघून गेले. भाताची भांडी घासायला गेली, पाहुणे पांगले. शैलजाबाई जागच्या हलल्या नव्हत्या. मुल्लासिस्टर त्यांच्याजवळ बसल्या होत्या.

"नेट गेलं होतं ना रे?" शैलजाबाईंनी विचारलं.

सारंगने सगळं सांगितलं. दहा वाजून दहा मिनिटांची सूचना, तो किमान व्यक्तीचा रकाना, त्यात घातलेला एक. पंपाचं नाव. बैठकीत दाबलेलं 'होय'. सांगताना त्याचा आवाज बँकेत बिघाडाचा अहवाल देतानासारखा येत होता, कारण दुसरा आवाज त्याला सापडतच नव्हता. मग मुल्लासिस्टर उठल्या, दाराशी गेल्या, आपल्या चपलांकडे नुसतं बघत उभ्या राहिल्या आणि त्या न घालताच अनवाणी घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सारंगला निघायचं होतं. हवेची गादी गुंडाळून झाली होती, पलंग भिंतीला उभा केला होता. घराची मांडणीच बदलल्यामुळे राउटर सकाळपासून नव्या संदर्भनोंदीचा तगादा लावत होता. सारंगने तो बंद करून टाकायचं ठरवलं होतं. पण आई आता एकटी राहणार होती आणि पुण्याला येणार नाही, हे तिने दोनदा सांगून झालं होतं.

"आई, या वेळी नीट करतो," तो चाचरत म्हणाला. "तू दहा मिनिटं बाहेर ये. म्हणजे पुढे तू पडलीस-बिडलीस तर..."

"मी नाही येत."

"तू तर चालतीबोलती आहेस. आडवं करून थोडंच..."

"तेच सांगते." शैलजाबाई बाबांचा पलंग होता त्या जागी खुर्ची ओढून बसल्या. आवाज चढलेला नव्हता. "माझ्या हट्टापायी ते तुझ्या यंत्राला दिसले नाहीत, हे माझं. ते मी नेईन माझ्याबरोबर. दिसत नाहीत हे कळल्यावर तू आकडा घातलास, ते तुझं. झाली वाटणी. आता मलाही आत ठेवूनच कर तुझी नोंद."

"आई, असं कसं करू? मग तू दिसणार नाहीस."

"हिंडले-फिरले तर दिसेन ना? तेवढी बघ. ज्या दिवशी हिंडायची थांबेन त्या दिवसापासून तुझ्या फोनला त्रास नको. सिस्टर येतात रोज सकाळी. त्या दारातून हाक मारतात, मी ओ देते. तेवढं पुरतं मला." दाराकडे बघत त्या म्हणाल्या, "ह्यांनाही तेवढंच पुरलं असतं."

"मी येत जाईन. दर आठवड्याला येईन."

"ये. पण नोंद करून जा."

त्याने नाही म्हणायला हवं होतं. बाहेर अंगणात शेवग्याखाली जाऊन उभा राहिला तेव्हाही तो तेच स्वतःला सांगत होता. मोबाइल खिशात ठेवावा, आत जावं, आईच्या पायाशी बसावं, ती बोलेपर्यंत उठू नये. पण ती जे मागत होती ते नाकारण्याचा अधिकार त्याच्याकडे उरला नव्हता, आणि हे दोघांनाही कळत होतं. शेंगा वाळून लटकल्या होत्या. कोणी काढल्या नव्हत्या.

त्याने सेटिंग उघडलं. 'घर पूर्ण रिकामे असल्याची खात्री करा.' खिडकीतून खुर्चीची पाठ आणि आईच्या पांढऱ्या केसांचा अंबाडा दिसत होता. ती जराही हलत नव्हती. त्याने 'होय' दाबलं.

दहा मिनिटं तो उन्हात उभा राहिला. मग यादी आली. छताचा पंखा. फ्रिज. आणि एक अनोळखी उपकरण, मिनिटाला अठरा ठेके. 'या उपकरणाला नाव द्या.'

त्याने दोन अक्षरं लिहिली, 'आई'. राउटरने ती मुकाट्याने जतन केली आणि खाली ओळ उमटली, 'नोंद पूर्ण. घरात ० व्यक्ती.'

"झालं का रे?" आतून हाक आली.

"झालं," सारंग म्हणाला.